विश्लेषण : हळदीच्या सुपारीपलीकडे काय? किनाऱ्यावरच्या वादक-गायकांना पैसे कुठून मिळू शकतात?

लग्नसराईत आगरदांड्याच्या जेटीवर दिघीच्या फेरीबोटीसाठी गाड्यांची रांग लागते, तेव्हा त्या रांगेत एखादा टेम्पो वाद्यांचा असतो. ताडपत्रीखाली स्पीकरचे खोके, ढोल, कीबोर्डचा स्टँड आणि मागे दाटीवाटीने बसलेली पोरे. संध्याकाळी खाडीपलीकडे हळद वाजवायची, रात्री उशिरा सामान आवरायचे आणि सकाळच्या फेरीने परत. रस्त्याने जायचे तर राजपुरी खाडीला लांबचा वळसा पडतो, डिझेल जाते आणि वेळही जातो.

या टेम्पोतल्या अनेकांचा दिवसाचा धंदा वेगळा असतो. कोणी बोटीवर खलाशी, कोणी रिक्षा चालवणारा, कोणी मुरूडच्या हॉटेलात कामाला. वाजवणे ही आवड, पण घरखर्चाला लागणारी आवड. रील आणि यूट्यूबच्या काळात ‘गाण्यातून लाखो कमवा’ असे सांगणारे व्हिडीओ रोज मोबाइलवर येतात. प्रत्यक्षात स्वतंत्र कलाकाराच्या हातात पैसा कोणकोणत्या वाटेने येतो आणि कुठे अडतो?

हळदीचे गणित कसे असते?

रायगडच्या किनाऱ्यावर आगरी-कोळी समाजात लग्नाइतकीच किंबहुना जास्त धामधूम हळदीला असते. बेंजो पार्टीला मुख्य काम मिळते ते इथेच. (हा ‘बेंजो’ म्हणजे अमेरिकेतला बँजो नव्हे. टाइपरायटरसारखी बटणे असलेले हे तंतुवाद्य जपानच्या तायशोगोतोचे भावंड. ते १९१२ मध्ये नागोया शहरात तयार झाले आणि पुढे भारतात ‘बुलबुल तरंग’ झाले. मुंबई-कोकणात त्याचा बेंजो झाला आणि गणपतीपासून हळदीपर्यंत सगळीकडे पोहोचला.)

सुपारी ठरते तेव्हा इसारा म्हणून थोडी रक्कम हातात येते, उरलेली कार्यक्रम संपल्यावर. वाटणी साधारण मासेमारी बोटीसारखी असते. आधी खर्च वजा, मग वाटे, आणि ज्याची वाद्ये त्याचा एक वाटा जास्त. समजुतीसाठी एक हिशेब मांडू. समजा सात जणांच्या पार्टीची एका हळदीची सुपारी २१ हजार रुपयांची. टेम्पो आणि फेरीचे ३ हजार, जनरेटर व हमालीचे २ हजार गेले, उरले १६ हजार. सात जणांचे सात आणि वाद्यांचा एक असे आठ वाटे केले तर प्रत्येकी २ हजार. हंगामात अशा २५ हळदी मिळाल्या तरी साध्या वादकाच्या हातात वर्षाला ५० हजार रुपये. रक्कम गावागणिक बदलेल, पण हिशेबाची घडण हीच.

या धंद्याला कायद्याची एक मर्यादाही आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, पण घरच्या हळदीसाठी ती आपोआप मिळत नाही. त्यामुळे पूर्वी पहाटेपर्यंत चालणारे काम आता काही तासांत बसवावे लागते, आणि एका रात्रीत दोन सुपाऱ्या करण्याचा मार्ग जवळपास बंद झाला आहे. सुपारी ठरवताना सुरुवातीची व संपण्याची वेळ व्हॉट्सॲपवर लिहून घेतलेली बरी. पोलीस आले आणि कार्यक्रम थांबला तर उरलेले पैसे द्यायचे की नाही, यावरून होणारे वाद त्याने टळतात.

खरी अडचण कोणत्या महिन्यांत?

जून आणि जुलैमध्ये. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्याच सुमारास चातुर्मास लागतो आणि लग्ने थांबतात. पावसामुळे जंजिरा किल्ला बंद, पर्यटक कमी. म्हणजे जो माणूस दिवसा बोटीवर आणि रात्री बेंजोवर आहे, त्याची दोन्ही उत्पन्ने एकाच वेळी आटतात. पुढे नारळी पौर्णिमा येते, मग गणपती, नवरात्र, तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा लग्नसराई आणि फाल्गुनात शिमगा. शिमग्यात खालुबाजाला, म्हणजे सनई-ढोल-टिमकीच्या ताफ्याला, पालखीपुढे मान असतो.

म्हणूनच प्रत्यक्ष हजर न राहता येणारे पैसे, मग ते रॉयल्टीचे असोत, शिकवणीचे असोत किंवा घरबसल्या केलेल्या रेकॉर्डिंगचे, किनाऱ्यावरच्या कलाकाराला शहरातल्यापेक्षा जास्त गरजेचे आहेत. दुर्दैवाने त्यांचीच माहिती इथे सर्वांत कमी पोहोचते.

यूट्यूबवरून किती मिळतात?

कॅसेटच्या जमान्यात वेसावे कोळीवाड्यातल्या ‘वेसावकर आणि मंडळी’ने कोळीगीते घराघरांत नेली. तेव्हा कॅसेट कंपनीशिवाय गाणे बाहेर पडतच नसे. आज ती अडचण नाही. जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये देशभर वाजले, ‘नादखुळा म्युझिक’सारखी मराठी चॅनले उभी राहिली. मात्र गाणे प्रसिद्ध होणे आणि त्याचे पैसे मिळणे यांत बरेच अंतर आहे.

यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा हवा असेल तर चॅनलला किमान १,००० सबस्क्रायबर हवेत आणि त्याबरोबर १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले गेलेले व्हिडीओ किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू. २०२३ मध्ये खालची एक पायरी आली. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन व्हिडीओ आणि १२ महिन्यांत ३,००० तास किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यू झाले की प्रेक्षकांकडून थेट पैसे घेण्याच्या काही सोयी सुरू होतात, जाहिरातींचा वाटा मात्र नाही. मोठ्या व्हिडीओवरच्या जाहिरात उत्पन्नातले ५५ टक्के निर्मात्याला मिळतात आणि खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत पैसे बँकेत येत नाहीत.

आता वरच्याच हिशेबाशी तुलना करू. दर हजार व्ह्यूंमागे निर्मात्याच्या हातात २० रुपये पडले असे धरले, तर एका हळदीच्या खर्च वजा १६ हजारांइतकी रक्कम मिळवायला ८ लाख व्ह्यू लागतील. दर कमी-जास्त होतो, पण एकट्या व्ह्यूंवर घर चालवायचे तर किती मजल मारावी लागेल, याचा अंदाज यावरून येतो. चॅनलचा खरा उपयोग बहुतेकांना वेगळ्याच कारणाने होतो. फोन येतो तो व्हिडीओ पाहून. आगरी-कोळी गाण्यांचे गायक संतोष चौधरी ऊर्फ ‘दादूस’ यांचे नाव आधी अशाच कार्यक्रमांतून झाले, ‘बिग बॉस मराठी’च्या तिसऱ्या पर्वात ते दिसले २०२१ मध्ये. चॅनलच्या माहितीत संपर्क क्रमांक, किती जणांची पार्टी, कोणत्या तालुक्यांत येतो, एवढे लिहिलेले नसेल तर लाखभर व्ह्यूही सुपारी आणत नाहीत.

स्पॉटिफाय, जिओसावन, ॲपल म्युझिक अशा ठिकाणी कलाकाराला थेट गाणे टाकता येत नाही, त्यासाठी ट्यूनकोअर, डिस्ट्रोकिडसारखा वितरक लागतो. काही वितरक वर्षाची फी घेतात, काही उत्पन्नातून टक्केवारी. फी भरणे थांबवले तर गाणे उतरवले जाणार का, हे आधी विचारावे. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादे गाणे मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकले गेले नसेल तर त्याची रॉयल्टीच निघत नाही. ‘पाच हजारांत गाणे व्हायरल करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून तर चार हात लांब राहावे. खोटे व्ह्यू सापडले की गाणे काढले जाते आणि आधी जमलेले पैसेही अडकतात.

आणि सगळी भिस्त एकाच ॲपवर नको. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली तेव्हा एका रात्रीत अनेकांचे प्रेक्षक गेले. २०२४ मध्ये विंक म्युझिकही बंद झाले. गाण्याची मूळ फाइल, शब्द, तारखा आणि प्रेक्षकांचे फोन नंबर आपल्याकडे असले की दुसरीकडे पुन्हा सुरुवात करता येते.

दुसऱ्याचे गाणे वाजवले तर?

‘मी डोलकर’ हे गाणे अनेकांना पारंपरिक वाटते. ते तसे नाही. शब्द शांता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे. एका गाण्यात असे तीन वेगळे हक्क असतात. शब्द-चालीचा हक्क, रेकॉर्डिंगचा हक्क आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा हक्क. शब्द-चालीवरचा हक्क लेखक-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. शांताबाईंचे निधन २००२ मध्ये झाले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत जिवंत आहे. आगरदांड्यातल्या पार्टीने स्वतः वाजवून हे गाणे यूट्यूबवर टाकले, तरी ओळख पटवणारी यंत्रणा ते पकडते आणि जाहिरातीचे पैसे बहुधा मूळ हक्कदाराकडे जातात. यात अन्याय काही नाही, फक्त ते आधी माहीत हवे.

हळदीत तेच गाणे वाजवले तर गोष्ट वेगळी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) नुसार धार्मिक समारंभात वाजवलेले संगीत हक्कभंग ठरत नाही, आणि त्या कलमाच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित सामाजिक सोहळे येतात. २४ जुलै २०२३ रोजी केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाने जाहीर सूचना काढून हेच सांगितले. तरी वाद मिटलेला नाही. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये लग्नांबाबत काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले. कायद्यात आहे त्यापेक्षा जास्त सूट परिपत्रकाने देता येत नाही, असा त्याचा आशय. घरच्या अंगणातल्या हळदीची चिंता नको. रिसॉर्टमध्ये पाहुण्यांसाठी शनिवारी रात्री गाण्याचा कार्यक्रम असेल तर परवाना लागतो आणि तो घेणे हे आयोजकाचे काम आहे. कलाकाराने ते बोलताना स्पष्ट करावे. काशीद-मुरूड पट्ट्यात शनिवार-रविवारी गाणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

रॉयल्टी कोणाला मिळते?

स्वतःचे शब्द, स्वतःची चाल असेल त्याला. इथे आपली माणसे सर्वांत जास्त पैसे सोडून देतात. पूर्वी हजार-दोन हजार रुपये एकरकमी देऊन कंपन्या सगळे हक्क लिहून घेत. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या २०१२ च्या दुरुस्तीने यात मोठा बदल झाला. गीतकार आणि संगीतकाराने हक्क विकले तरी रॉयल्टीतला समान वाटा त्याला सोडून देता येत नाही, तसे लिहून दिले तरी ते कायद्यापुढे टिकत नाही. (चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर वाजणारे गाणे तेवढे अपवाद.) गायक-वादकांनाही व्यावसायिक वापरातून रॉयल्टीचा हक्क मिळाला.

मात्र हे पैसे घरी चालत येत नाहीत. गीतकार-संगीतकारांसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, आहे. नव्या कायद्याखाली तिची नोंदणी २०१७ मध्ये झाली. सभासद व्हायचे, आपली प्रसिद्ध झालेली गाणी एकेक करून नोंदवायची आणि कोणाचा किती टक्के वाटा हे लिहायचे. गायकांसाठी ‘इस्रा’ ही संस्था २०१३ मध्ये नोंदली गेली, ती आता वादकांनाही सामावून ‘इसाम्रा’ नावाने काम करते. गाणे नोंदवलेले नसेल तर ते रेडिओवर, हॉटेलात, टीव्हीवर कितीही वाजो, वाटपाच्या यादीत नावच नसते.

हक्क निर्माण होण्यासाठी सरकारी नोंदणी सक्तीची नाही, गाणे रचले की हक्क तयार होतो. तरी वाद झाला तर पुरावा म्हणून नोंदणी उपयोगी पडते. शब्दांसाठी ५०० रुपये, चालीसाठी ५०० रुपये आणि रेकॉर्डिंगसाठी २,००० रुपये सरकारी शुल्क आहे, अर्ज ऑनलाइन होतो.

स्टुडिओ किंवा चॅनलवाल्याशी करार करताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, तो कागदावर आहे का. तोंडी बोलण्याने हक्क हस्तांतरित होत नाहीत, लेखी आणि सहीचा करार लागतो. म्हणजे ‘तुझे गाणे आता आमचे’ असे कोणी फोनवर म्हटले तर त्याला अर्थ नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कंपनीने हक्क घेऊन वर्षभर गाणे वापरलेच नाही तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, ते हक्क कलाकाराकडे परत येतात. शेवटचा मुद्दा फार कमी जणांना ठाऊक असतो. चॅनलवाल्याच्या हार्ड डिस्कमध्ये पडून राहिलेली कितीतरी गाणी अशी सोडवता येतील.

‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’ आणि ‘सर्व माध्यमांत’ हे तीन शब्द एकत्र दिसले की सही करण्याआधी थांबावे. करार इंग्रजीत असेल तर मुरूड किंवा अलिबागला वकिलाकडून वाचून घ्यावा, त्याची फी गाण्याच्या किमतीपेक्षा जास्त नसते. चुलतभाऊ स्टुडिओ चालवतो म्हणून कागद केला नाही, ही या पट्ट्यातली नेहमीची गोष्ट. नाते तुटू नये म्हणूनच कागद करावा.

याशिवाय कुठून?

नवरा-नवरीची नावे गुंफून हळदीचे खास गाणे करून देणे हा वाढता धंदा आहे. होमस्टेच्या जाहिरातीची धून, टेनिस क्रिकेट स्पर्धांची गाणी, ग्रामपंचायत ते विधानसभा निवडणुकांची प्रचारगीते, ही कामे गावातच मिळतात आणि पैसे रोख असतात. निवडणुकीत निम्मी रक्कम आधी घ्यावी, निकालानंतर मागायला गेलेल्याची काय अवस्था होते ते सांगायला नको.

शिकवणी हा जुना आणि भरवशाचा मार्ग. ढोलकी, तबला, हार्मोनियम शिकवणाऱ्याकडे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, त्यातही विशारद, असेल तर शाळा आणि पालक दोघेही लवकर तयार होतात. मुंबई-ठाण्यात गेलेल्या गावच्या कुटुंबांतली मुले मोबाइलवरून शिकू शकतात, आणि हे काम पावसाळ्यात थांबत नाही. आकाशवाणीची स्वरपरीक्षा लोकसंगीतासाठीही असते. उत्तीर्ण झाल्यावर श्रेणी मिळते आणि श्रेणीनुसार कार्यक्रमाचे मानधन. रक्कम मोठी नसली तरी सरकारी महोत्सवांसाठी अर्ज करताना ती श्रेणी बोलते.

वाद्ये किंवा साउंड घ्यायचे असतील तर मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते. उद्यम नोंदणी मोफत आहे, तिच्यासाठी पैसे मागणारा दलाल खोटे बोलत आहे असे समजावे. जीएसटीची धास्ती बहुतेकांना नको, सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये आहे.

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजना आहे. पूर्वी कलाकारांच्या अ, ब, क श्रेणी होत्या आणि मानधन कमी-जास्त होते, २०२४ पासून ते सरसकट महिना ५ हजार रुपये झाले. वयाची ५० वर्षे आणि कलाक्षेत्रातली किमान १५ वर्षे ही मुख्य अट, शिवाय उत्पन्नाची मर्यादा. पुरावा म्हणून जुनी पत्रके, कात्रणे, प्रमाणपत्रे, फोटो लागतात. खालुबाजाच्या सनईवाल्याकडे यातले काहीच नसते, कारण त्याला कोणी पत्रिकेवर छापलेच नाही. त्याच्या पुढच्या पिढीने आतापासून प्रत्येक कार्यक्रमाचा तारखेसह फोटो आणि आयोजकाची दोन ओळींची पावती जपली तर वीस वर्षांनी ती कामी येईल.

आणि धवलारीण?

या किनाऱ्यावर गाण्यासाठी मोबदला मिळवणारी सर्वांत जुनी कलाकार बहुधा हीच. आगरी-कोळी लग्नात धवले गाऊन विधी पार पाडणाऱ्या या बाईला साडी, नारळ, तांदूळ आणि बिदागी मिळते. धवले पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले, त्यामुळे त्यांच्या शब्दांवर कोणा एकाचा हक्क नाही, आणि म्हणूनच ते रेकॉर्ड करून, मागे बीट टाकून चॅनलवर चढवणे सोपे झाले आहे. लग्नात मोबाइलवर घेतलेला तिचा आवाज कोणाच्या तरी चॅनलवर लाखो वेळा ऐकला जातो आणि वर्णनात तिचे नावही नसते.

गाणे कोणाचेही असो, तिचे गाणे म्हणजे तिचे सादरीकरण, आणि सादरीकरणाचा हक्क कायद्याने ५० वर्षे तिचाच आहे. तिच्या संमतीशिवाय व्यावसायिक वापरासाठी रेकॉर्डिंग करता येत नाही, वापर झाला तर रॉयल्टीत तिचा वाटा असतो. लग्नघरी मिळालेली साडी त्या दिवशीच्या विधीची असते, रेकॉर्डिंगची नव्हे. चॅनल चालवणाऱ्या गावच्या पोरांना यासाठी वकीलही लागत नाही. एक कागद, त्यावर गाण्याची तारीख, वाट्याचे टक्के, तिची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार. व्हिडीओखाली तिचे पूर्ण नाव व गाव. आणि पुढच्या हळदीसाठी तिला बोलवायचे असेल तर फोन कोणाला करायचा, तो नंबर, तिला विचारून.